पाण्याखालचा मोर

आमच्या घरी एक मोठी पितळी परात होती, आणि तिच्यात कधीही पीठ मळले गेले नाही. वर्षभर ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर पडून असे. चैत्र लागला की आत्या स्टुलावर चढून ती स्वतः खाली काढी, चिंच आणि राख लावून घाशी, आणि मग तिच्याकडे अशा काही नजरेने पाहत बसे, की आईने म्हणावे, "वन्सं, आता हिची दृष्ट काढू का?" त्या वर्षांविषयी लिहायचे ठरवल्यावर काही भारदस्त आठवावे म्हणून मी बरीच खटपट केली. शाळा आठवून पाहिली, गुरुजन आठवून पाहिले. पण कागद पुढे ओढला की ती परातच येऊन समोर बसते. आयुष्यभर वाचले पुष्कळ, लिहिले मात्र काहीच नाही. अशा माणसाने आपल्या आठवणींशी हुज्जत घालू नये, असे ठरवून तिच्यापासूनच सुरुवात करते.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, लोणावळ्याच्या स्टेशनात तारमास्तर होते. स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर रेल्वेने दिलेले आमचे घर होते: एक बैठकीची खोली, एक माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि पडवीपुढे पेरूचे झाड असलेले अंगण. घाट चढून दमलेली गाडी स्टेशनात शिरू लागली की प्रथम फडताळातल्या कपबशा कुजबुजू लागत, मग भिंतीवरच्या तसबिरी, आणि शेवटी आईची पळी-पंचपात्री देव्हाऱ्यात नाचू लागे. पाहुणे दचकत, आम्ही मात्र त्या थरथरीवरून गाडी कोणती ते ओळखत असू. "ही प्रवासी नव्हे, मालगाडी," असे आत्या कपातल्या चहावर उठलेल्या वलयांकडे पाहून सांगे, आणि अण्णांच्या सांगण्यानुसार ती सहसा चुकत नसे. मी पुण्याला मामांकडे राहून मुलींच्या शाळेत शिकत होते आणि सुट्टी लागली की घरी येई. लेखी परीक्षेत माझा क्रमांक वर असे. तोंडी परीक्षेत मात्र परीक्षकांनी प्रश्न विचारला की माझी जीभ टाळ्याला चिकटे, उत्तर डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत असताना मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभी राही, आणि परीक्षक दयाळूपणे म्हणत, "बरं, जा." अण्णा थट्टेने म्हणत की माझ्याशी बोलायचे तर तार करावी लागते.

आत्याचे नाव द्वारका. ती अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा वारला आणि ती भावाच्या घरी आली, ती कायमची. हे सांगताना माझा स्वर उदास व्हायला हवा, पण आत्या स्वतः उदास नसे, तेव्हा मी तरी काय करू? ती ठेंगणी, गोरी, चटपटीत होती. कैरी तिखटमीठ लावून खाताना तिचे दोन्ही डोळे मिटत आणि दोन्ही पाय आपटत. फक्त हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्या वागण्यात फरक पडे. तो सवाष्णींचा समारंभ, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे विधवा बाईने त्या बैठकीत यायचे नसे. आत्या त्या दिवशी डाळ वाटी, पन्हे करी, हरभरे भिजवी, सगळी आरास मांडी, आणि पहिली बाई पायरी चढली की स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राही. बैठकीतून पाहिले तर चौकटीवर ठेवलेली तिची बोटे तेवढी दिसत.

पण लोणावळ्यातल्या बायका आमच्याकडे येत त्या आत्याच्या परातीसाठी. चैत्रगौर झोपाळ्यात बसवलेली, तिच्यापुढे चौरंगावर परात, परातीत काठोकाठ नितळ पाणी, आणि पाण्याच्या तळाशी रांगोळीचा मोर! पाण्यावर रांगोळी काढणाऱ्या बायका पुष्कळ असतात. पाण्याखालची रांगोळी काढणारी आमच्या माहितीत आत्या एकटी. तिची रीत अशी. परात निखाऱ्यांवर किंचित धरायची आणि तळाला मेणाचा अगदी पातळ हात फिरवायचा. हे मेण डोंगरातल्या वाडीवरचा एक ठाकर मधाबरोबर आणून देई. मेण थिजले की त्यावर रांगोळी काढायची: पांढऱ्या दगडाची पूड, नीळ, हळद, कोळशाची भुकटी. मग पुन्हा परातीला खालून ऊब द्यायची. मेण विरघळून रांगोळीच्या कणाकणात शिरते. परात निवली, की जे कण मेणाने धरले नाहीत ते हलक्या फुंकरीने उडवून टाकायचे. इथवर सर्व काही आमच्यादेखत होई. नंतर आत्या परात माजघरात नेई, दार लावून घेई, आणि दुपारभर आत एकटीच बसे. आतून तिचा बोलण्याचा आवाज येई: "अगं ये की इकडे. रुसायला काय झालं? हां, अस्सं." ती पाण्याशी बोलते, एवढे आम्हांला ठाऊक होते, का बोलते, ते मात्र मी पुढे स्वतः परातीपुढे बसले तेव्हाच कळले.

तुंगार्लीला एका मुंबईकर सॉलिसिटरांचा बंगला होता. उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी तिथे राहायला येत. त्यांना सगळे माईसाहेब म्हणत. उंच, धिप्पाड, मोठ्याने हसणाऱ्या, आणि मनात आलेले ओठांवर यायला क्षणाचाही अवधी न लागणाऱ्या. त्यांच्या चैत्रगौरीपुढे बर्फाची लादी असे. भुसा आणि गोणपाट यांत गुंडाळलेली ती लादी मुंबईहून गाडीने येई, आणि तिच्या पोटात गोठवलेली गुलाबाची आणि मोगऱ्याची फुले असत. ती उतरवताना हमालांची धांदल उडे आणि स्टेशनापासून तुंगार्लीपर्यंतच्या धुळीत ओला माग उमटे. "माईसाहेबांची गौर निम्मी रस्त्यातच पाझरते," असे अण्णा म्हणत. तरीही हे मान्य केले पाहिजे, की ती फुले फार सुंदर दिसत, आणि त्या बर्फाचा एक तुकडा पन्ह्यात पडला की लोणावळ्याच्या बायका वर्षभर त्याविषयी बोलत.

मी शाळेच्या शेवटच्या वर्गात जाणार होते त्या वर्षी माईसाहेबांच्या हळदीकुंकवाला आई एकटीच गेली आणि परत आली ती ओटीतले हरभरे पाटीत ओतताना नुसती धुसफुसत. आत्या कैऱ्या किसत होती. "काय झालं गं?" तिने विचारले.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे चार हरभरे खाली सांडत नाहीत."

आईने शेवटी सांगितले. बर्फाचे कौतुक चालले असताना कोणीतरी आत्याच्या परातीचे नाव काढले, तेव्हा माईसाहेब सगळ्यांदेखत हसून म्हणाल्या, "अहो, ती परात रंगवलेली असणार! एकदा तेलरंगानं मोर काढून घेतला, की दर वर्षी पाणी ओतायचं न् काय! पाण्याखाली रांगोळी राहते का कधी? म्हणून तर दार लावून घेतात."

आत्याची किसणी थांबली. मला वाटले, ती नेहमीसारखी काही तरी तिरकस बोलेल आणि सगळ्या हसू. पण तिने किसणी खाली ठेवली. तिच्या मालकीचे या घरात फारसे काही नव्हते, अंगावरची दोन लुगडी, एक पोथी, आणि चैत्रातल्या एका संध्याकाळी दाराआडून ऐकू येणारे बायकांचे "अगंबाई!" एवढीच तिची मिळकत. तीच खोटी ठरली होती. थोड्या वेळाने तिने किसणी पुन्हा हाती घेतली आणि म्हणाली, "आपल्या गौरीच्या दिवशी पाणी सगळ्यांसमोर ओतायचं."

"ओतणार कोण?" आई म्हणाली आणि लगेच ओठ चावून गप्प झाली.

"तू नको," आत्या शांतपणे म्हणाली. "तू पाणी ओततेस म्हणजे आग विझवतेस. वत्सू ओतेल."

वत्सू म्हणजे मी. बायकांनी भरलेल्या बैठकीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! मी नको म्हणायला तोंड उघडले, आणि नेहमीप्रमाणे त्यातून काही बाहेर पडले नाही. आत्याने ते होकारार्थी घेतले.

दुसऱ्या दिवशी पडवीत तालीम सुरू झाली. आत्याने एका ताटाला मेणाचा हात देऊन त्यावर लहानसा मोर काढून दिला, आणि मी तांब्याने हलकेच पाण्याची धार सोडली. पाणी पसरलेच नाही. ते मेणावर पडले आणि घाबरलेल्या मुलांसारखे एकमेकांना बिलगून गोळा झाले. गोल, फुगीर, चकचकीत थेंब ताटभर घरंगळू लागले. एकाने मोराचा तुरा पळवला, दुसऱ्याने डोळा. आणखी पाणी घातले तर त्या थेंबांची तळी झाली, पण तळ्यांमध्ये मोर कोरडाच, बेटासारखा, आणि प्रत्येक बेटाच्या काठाने रांगोळी वर उचलली जाऊन तरंगू लागली. दार लावून आत्या जे करी ते हेच होते. ती दुपारभर ओल्या वातीने एकेका बेटाला पाणी लावून लावून ही तळी जोडत असे. एकदा बोटाच्या पेराएवढे पाणी चढले की मग ते मुकाट राही. पण तोवरचा सगळा वेळ रुसवेफुगवे. बैठकीत बायका टक लावून बसलेल्या असताना हे कसे करायचे?

कुसगावची हौसामावशी आमच्याकडे दुधाचा रतीब घालायची. दूध मापून झाले तरी ती उठायची नाही; पडवीच्या पायरीवर बसून तंबाखूची मिशरी लावीत जगाचा समाचार घ्यायची. तिने माझी तीन ताटे बुडालेली पाहिली आणि म्हणाली, "पोरी, मेन लावल्यावर पानी कसं पसरंल? अळवाच्या पानावर कवा पसरलंय व्हय?"

"मग काय करू मावशी?"

"काय न्हाई. जे ऐकत न्हाई त्याच्याम्होरं आपन गप ऱ्हावं. मी आमच्या मालकाम्होरं ऱ्हाते तशी."

"तू आणि गप्प!" आत्या आतून ओरडली.

"तुमचं मातर ऐकतंय पानी, आक्का. तुमी लय ग्वाड बोलता त्याच्यासंगं. ही पोर तर मानसासंगंबी बोलत न्हाई, पान्यासंगं कुटनं बोलंल!"

हे इतके खरे होते की मलाही हसू आले.

थंडी सरली होती, म्हणून त्याच दिवसांत घरातले लोकरीचे कपडे धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवायचे काम चालले होते. अण्णांचा रेल्वेचा काळा कोट माझ्या वाट्याला आला. त्यांच्या डोक्याचे खोबरेल वर्षभर मुरून कोटाची कॉलर तुळतुळीत झालेली होती. मी तिच्यावर विहिरीचे पाणी घातले, आणि पाहते तो तेच: थेंब फुगून, गोळा होऊन, कॉलरीवरून घरंगळले. मग शेजारच्या पातेल्यातले रिठ्याचे पाणी घातले, तर ते एका क्षणात पसरले आणि आत जिरले. मी कोट तसाच हातात धरून उभी राहिले. आमच्या शास्त्राच्या बाईंनी वर्गात एकदा वाटीतल्या पाण्यावर सुई तरंगत ठेवून दाखवली होती आणि साबणाचे बोट लावताच ती सुई बुडाली होती. पाण्याच्या अंगावर जणू ताणलेली कातडी असते, साबण ती सैल करतो, असे त्या म्हणाल्या होत्या. आज माझी नात त्याला पृष्ठताण म्हणते आणि वहीभर गणिते मांडते. मला त्या दिवशी गणित सुचले नाही, पण कोट सोडून मी धावले एवढे आठवते.

"आत्या, परातीच्या पाण्यात थोडा रिठा घालून पाहू?"

"काय? गौरीपुढे कपडे धुवायचं पाणी?"

"रिठा फळच आहे ना गं?"

"बिब्बाही फळच आहे. घालतेस?"

आई चुलीपुढून न वळताच म्हणाली, "वन्सं, तुमचं रेशमी सोवळं कशानं धुता?"

"रिठ्यानं. दुसऱ्या कशानं धुणार?"

"ज्यानं सोवळं शुद्ध होतं, त्यानं गौर कशी विटाळेल?"

आत्या आईकडे वळली. "तुझा भाऊ वकील झाला खरा," ती म्हणाली, "पण व्हायला तू हवी होतीस."

पहिल्या खेपेस रिठा जास्त झाला आणि मोर फेसात अभ्यंगस्नानाला बसल्यासारखा दिसू लागला. हौसामावशी पोट धरून हसली. मग कमी करत करत योग्य प्रमाण सापडले: तांब्याभर पाण्यात अगदी थोडासा रिठा, फेस मुळीच होऊ न देता ढवळलेला, आणि धार आंब्याच्या पानावरून सोडायची. ते पाणी मेणावर पडताच घडी उलगडलेल्या चादरीसारखे चारी बाजूंना गेले. बेटे नाहीत, थेंब नाहीत. मोराचे पीसन् पीस पाण्याखाली जाऊन उलट अधिकच उजळले. आत्याने वाकून पाहिले. "हे तर माझ्याशी कधी इतकं सरळ वागलं नाही," ती म्हणाली, आणि तिच्या स्वरात आनंद अधिक होता की मत्सर, ते मी आजही सांगू शकणार नाही.

गौरीच्या दिवशी आत्याने पहाटेपासून मोर काढला. तसा मोर तिने पूर्वी कधी काढला नव्हता. पिसारा परातीच्या काठापर्यंत गेलेला, मान वळवून तो जणू आपल्याच शेपटीकडे अभिमानाने पाहत होता. अण्णांनी स्टेशनातून निरोप पाठवला होता, की संध्याकाळची मालगाडी गेल्याशिवाय पाणी ओतू नये. घरात वाटल्या डाळीची खमंग फोडणी, पन्ह्यातल्या वेलदोड्याचा वास, बायकांच्या वेण्यांतला मोगरा. बैठक भरली. मी चौरंगाशेजारी बसले होते. माझ्यापुढे रिठ्याच्या पाण्याचा तांब्या, त्यात बुडवलेली आंब्याची डहाळी. 

शेवटी माईसाहेब आल्या; पाणी सगळ्यांसमोर मी ओतणार, हे त्यांच्या कानी गेलेच होते. त्यांच्या मागून त्यांचा गडी चांदीची कळशी घेऊन आला आणि दारात ठेवून गेला.

"हे काय माईसाहेब?" आईने विचारले.

"पाणी! आमच्या विहिरीचं." त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "हात तुमच्या लेकीचा, पाणी माझं. म्हणजे उगाच कोणी काही म्हणायला नको."

बायका हसल्या. आईही हसली, पण तिने माझ्याकडे पाहिले ते डोळे हसत नव्हते. कोऱ्या पाण्याने काय होणार हे घरात आम्हां तिघींनाच ठाऊक होते: मोराचा तुरा जाणार, डोळा जाणार, आणि रांगोळी तरंगू लागली की लोणावळाभर बोभाटा होणार, की बघा, नेहमीची रंगवलेली परात ठेवली नाही तर काय झाले. आई मला हळद लावायचे निमित्त करून वाकली आणि कानाशी पुटपुटली, "डहाळी ओली आहेच. तिच्यावरनंच सोड. बोलू नकोस."

युक्ती अगदी सोपी होती. डहाळीला लागलेला रिठा पुरला असता आणि कोणाला काही कळले नसते. शिवाय न बोलण्यात माझा हातखंडा! मी डहाळी उचलली आणि सहज स्वयंपाकघराकडे पाहिले. चौकटीवर आत्याची बोटे होती, निळीने आणि हळदीने माखलेली. तिच्यावर आळ होता तो लपवाछपवीचा. तो पुसायला मी लपवूनच काही करू लागले, तर माईसाहेबांचेच म्हणणे खरे ठरत होते.

"यात," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला, "यात रिठा लागतो."

"कशाला? परात घासायला?" माईसाहेब म्हणाल्या, आणि सगळी बैठक खदखदली.

पायाच्या अंगठ्याकडे पाहायची मला फार इच्छा झाली. पण मांडी घातलेली असल्यामुळे तो दिसत नव्हता. मी कळशीतून पळीभर पाणी घेतले आणि परातीच्या काठाशी, जिथे नुसतेच मेण होते, तिथे सोडले. थेंब गोळा होऊन फुगून बसले. "हे बघा. मेण आहे, म्हणून पाणी पसरत नाही. त्याच्यामुळेच तर रांगोळी टिकते. आणि आता..." मी रिठ्यात भिजलेल्या पानाचे टोक त्या थेंबाला टेकवले. थेंब जणू सुस्कारा टाकून आडवा झाला. क्षणात तिथे पातळ, सपाट, आरशासारखे पाणी होते.

"अगंबाई!" कोणीतरी म्हणाले.

"पुन्हा कर गं. मला नीट दिसलं नाही."

मी पुन्हा केले. एक म्हातारी काकू पुढे सरकून म्हणाल्या, "इश्श, हे तर दर रविवारी माझ्या तेलकट डोक्यावर होतं! कोणी बघायला येत नाही, म्हणून बरं." हसण्याचा गदारोळ उठला. मी माईसाहेबांना विचारले, "तुमच्या पाण्यात चमचाभर घालू?"

"घाल बाई, घाल. माझ्या पाण्यालाही न्हाऊ घाल!"

मग मी पाणी सोडले. आंब्याच्या पानावरून ते परातीत उतरले, पिसामागून पीस ओलांडत गेले, आणि काठाला लागून थांबले. एक कणही हलला नाही. मालगाडीला उशीर झाला होता, हे आम्हां कोणाच्या लक्षात नव्हते. नेमकी त्याच वेळी ती घाटातून वर आली. कपबशा कुजबुजल्या, झोपाळ्याच्या कड्या किणकिणल्या, परातीतल्या पाण्यावर बारीक वलये धावली, आणि त्यांच्याखाली आत्याचा मोर पिसारा हलवून नाचू लागला. गाडी निघून जाईपर्यंत बायका परातीवर वाकून राहिल्या.

पहिल्या बोलल्या त्या माईसाहेबच. "सुंदर आहे. शपथेवर सांगते, सुंदर आहे. पण रंगवलेला नाही कशावरून?"

 उत्तर दाराआडून आले. हळदीकुंकवाच्या बैठकीत आत्याचा आवाज त्यापूर्वी कोणी ऐकला नव्हता. "बोट घालून बघा."

"अहो, मोडेल की!"

"रंगवलेला असला तर कशानं मोडेल?"

माईसाहेबांनी बाही वर केली, बोट पाण्यात बुडवले आणि पिसाऱ्याच्या एका कडेवरून ओढले. रांगोळीत रेघ उमटली आणि तिच्यातून पितळ चमकले. त्यांनी बोट वर काढले. टोकावर निळा आणि पांढरा गाळ होता. त्यांनी ते बोट उजेडाकडे धरून पाहिले. मग डाळीची बशी उचलून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि उंबऱ्यावरच फतकल मारून बसल्या.

"द्वारकाबाई, तुमचा मोर मी लंगडा केला."

"नाचताना एखादं पीस गळायचंच," आत्या आतून म्हणाली.

"मला शिकवाल?"

"उद्या या. पण रिकाम्या हातानं येऊ नका. बर्फ घेऊन या. पन्हं गार प्यायचंय मला एकदा."

माईसाहेब खरोखरच दुसऱ्या दिवशी मुंबईहून मागवलेला बर्फ घेऊन आल्या. आत्याने पन्ह्याचा पहिला घोट घेतला, दोन्ही डोळे मिटले आणि दोन्ही पाय आपटले. माईसाहेबांना रांगोळी मात्र कधीच जमली नाही. त्यांचा मोर अखेरपर्यंत बदकासारखा दिसे, आणि त्या तो तशाच ऐटीत सर्वांना दाखवत. जूनमध्ये मी पुण्याला परतले. त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी प्रश्न विचारला, तेव्हा मी बरोबर तोच आधार शोधला जो बैठकीत सापडला नव्हता, म्हणजे पायाचा अंगठा. पण त्याच्याकडे पाहत का होईना, उत्तर दिले. एवढी प्रगती मला पुरेशी वाटली.

पुढच्या चैत्रात आत्याने मोर पूर्ण केला, मी पाणी ओतले, आणि बायका यायच्या आधी तिने स्वतःच पाण्यात बोट घालून पिसाऱ्याच्या कडेला एक रेघ ओढली. आई कळवळली. "अहो, का मोडता?" "असू दे," आत्या म्हणाली. "कोणी विचारायला नको." तेव्हापासून दर वर्षी ती रेघ असे, आणि नवीन आलेल्या बायकांना जुन्या बायका तिची कथा सांगत. हल्ली मी रिठ्याऐवजी भांड्यांच्या साबणाचा एक थेंब वापरते, आणि मेण बाजारातल्या मेणबत्तीचे असते. पाण्याला त्याचे काही वाटत नाही.

आत्याच्या अखेरच्या वर्षांत तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि मोर काढणे माझ्याकडे आले. शेवटच्या चैत्रगौरीला मी तो काढला, पाणी सोडले, आणि तिचा हात धरून तिला परातीपाशी आणले. तोवर काळ थोडा पुढे सरकला होता आणि बैठक भरलेली असताना ती तिथे बसली, याचे कोणाला नवल वाटले नाही. तिला मोर दिसत नव्हता. तिने काठ चाचपला, बोट पाण्यात घातले, आणि कडेवरून सावकाश एक रेघ ओढली. मग ते ओले बोट अंगठ्यावर चोळून कण पारखून पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "खरा आहे."